आशाताईंपासून मिरजेपर्यंत : कडेगाव तालुक्यातून सरकारी दवाखाना गाठण्याची कृती

चला, टेबलाशी बसा. समोर एक रिकामी फाइल आणि शेजारी फोन ठेवा. घरातलं कुणीतरी आजारी आहे, सरकारी दवाखान्यात न्यायचं आहे आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, असं धरून चालू. तुम्ही कडेगावचे असा, नेवरीचे, वांगीचे, देवराष्ट्र्याचे किंवा शाळगावचे, पायऱ्या त्याच आहेत. अट एकच : क्रम मोडायचा नाही. तो मोडायची मुभा फक्त जीवावर बेतलं असेल तेव्हा, आणि म्हणूनच ती गोष्ट आपण सगळ्यात आधी उरकणार आहोत.

लागणारं सामान

रुग्णाचं आधारकार्ड (मूळ), घरचं रेशनकार्ड (कुठल्याही रंगाचं), दोन्हीच्या तीन-तीन झेरॉक्स, जुने केसपेपर आणि रिपोर्ट, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं, पेन, सुट्टे पैसे, पाण्याची बाटली. आधारला जोडलेला मोबाईल नंबर ज्याच्या खिशात असतो तो माणूस बरोबर हवा. हे सामान सगळ्यात जास्त विसरलं जातं! ओटीपी घरी राहिलेल्या फोनवर येतो आणि तुम्ही खिडकीसमोर उभे.

जीवावर बेतलं असेल तर

१. आधी रुग्णाकडे नीट बघा. छातीत दाबल्यासारखं दुखून घाम सुटलाय का? तोंड वाकडं झालंय, एका बाजूचा हातपाय उचलत नाही, बोलणं अडखळतंय? साप चावलाय, विषारी औषध पोटात गेलंय, रक्त थांबत नाही, फिट थांबत नाही, श्वास लागलाय, गरोदर बाईला रक्तस्राव होतोय? यातलं एक जरी ‘हो’ असेल तर पुढची पायरी. सगळं ‘नाही’ असेल तर थेट पायरी ६ वर या.

२. १०८ लावा. पैसे लागत नाहीत, फोनलाही नाही आणि गाडीलाही नाही. गाडीत डॉक्टर असतो. कडेगावहून विटा जवळ, कराड त्याहून पुढे, सांगली लांब. कुठे न्यायचं हे गाडीतल्या डॉक्टरला ठरवू द्या. त्याच्याशी हुज्जत घालण्यात जी पाच मिनिटं जातात ती रुग्णाची जातात.

३. पत्ता खुणेसकट सांगा. ‘आमचा मळा’ म्हणून पुण्यात बसलेल्या माणसाला काही कळणार नाही. गाव, तालुका कडेगाव, जिल्हा सांगली, मग वस्तीचं नाव आणि जवळची ठळक खूण : शाळा, पाण्याची टाकी, कारखान्याचा फाटा. ‘कडेगाव’ नीट उच्चारा आणि जिल्हा सांगितल्याशिवाय फोन ठेवू नका. त्या नावासारखी गावं महाराष्ट्रात अजून आहेत.

४. एक माणूस मोटरसायकलवर मुख्य रस्त्याला पाठवा. रात्र असेल तर हातात बॅटरी द्या. ऊसतोडीच्या दिवसांत हे चुकवूच नका. जोडट्रॉल्यांच्या रांगेत ॲम्ब्युलन्स अडकली तर तिला आडवाटेने आणणारं कुणीतरी हवं.

५. गाडी येईपर्यंत एवढंच करा, जास्त काही नको. सापाचं असेल तर माणसाला झोपवा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, बांगड्या-अंगठी-जोडवी काढा. आवळून दोरी बांधायची नाही, ब्लेडने कापायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, मांत्रिकाकडे अर्धा तास घालवायचा नाही. साप मारून पिशवीत घालून आणायचीही गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर दवाखान्यात एकच लस चालते. दवाखान्यात पोचल्यावर रक्त नळीत घेऊन २० मिनिटं तसंच ठेवतात आणि गोठतंय का बघतात. तेवढा वेळ ‘काहीच करत नाहीत’ म्हणून आरडाओरडा करू नका, तीच तपासणी चालू असते.

छातीत दुखत असेल तर माणसाला चालवू नका, जिना उतरवू नका, दोघांच्या मध्ये मोटरसायकलवर बसवू नका. विषारी औषध पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. औषधाचा डबा किंवा बाटली मात्र सोबत घ्या. डॉक्टरला त्यावरचं नाव लागतं.

कुत्रं चावलं असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण आपली १५ मिनिटं नेहमी चारच भरतात. हळद, चुना, मिरची, तेल यातलं काही लावायचं नाही. यासाठी १०८ लागत नाही, पण त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठा. लस मोफत आहे. जखम खोल असेल, तोंडावर किंवा बोटांवर असेल, तर लसीबरोबर जखमेत भरायचं वेगळं इंजेक्शन लागतं. ते तिथे नसेल तर सांगलीला पाठवतात. नक्की जा. आणि कार्डावर पुढच्या तारखा लिहून देतात त्या सगळ्या पाळा. दोन डोस झाल्यावर ‘कुत्रं तर अजून हिंडतंय’ म्हणून थांबणारे लोक आहेत. तुम्ही त्यांच्यातले होऊ नका.

घाई नसेल तर : गावातून सुरुवात

६. आशाताईंना फोन करा. खोकला आठ दिवस जात नाही, साखर वाढल्यासारखी वाटते, गुडघा धरलाय, डोळ्यांना धूसर दिसतंय, काहीही असो. आज उपकेंद्रात कोण आहे, डॉक्टर कुठल्या वारी येतात, कुठली गोळी आली आहे, हे तालुक्याच्या गावाला कळण्याआधी आशाताईंना ठाऊक असतं. त्यांना ‘आमच्या घरी येऊन जा’ म्हणायच्या आधी ‘ताई, तुम्ही कुठे आहात?’ विचारा. एकटीच्या अंगावर कितीतरी घरं असतात.

७. उपकेंद्रात जा. पाटीवर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ लिहिलेलं असेल; गोंधळू नका, आपलं उपकेंद्रच ते. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आणि नर्सबाई असतात. वजन, रक्तदाब, बोटातून साखर, हिमोग्लोबिन इथेच होतं. वय ३० च्या पुढे असेल तर काही होत नसलं तरी ही तपासणी करून घ्या. जाण्याआधी फोन करा. लसीकरणाच्या दिवशी सगळी मंडळी अंगणवाडीत असतात.

८. तिथल्या तिथे मोठ्या डॉक्टरशी बोलणं होतं का, विचारा. ‘ई-संजीवनी’ म्हणजे मोबाईलच्या पडद्यावरून तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला. आरोग्य अधिकारी जोडून देतात, पैसे लागत नाहीत. त्वचेचं दुखणं, जुनी साखर, गोळी बदलायची की नाही असल्या प्रश्नांना हे उत्तम. पोट दाबून बघावं लागेल असल्या दुखण्याला उपयोग नाही, तेव्हा हट्ट धरू नका.

९. आता प्राथमिक आरोग्य केंद्र. तुमचं गाव कुठल्या केंद्राखाली येतं ते आशाताईंकडून आधीच विचारून ठेवा. जवळचं केंद्र तेच आपलं केंद्र असतं असं नाही. इथे एमबीबीएस डॉक्टर असतात. रक्त-लघवीचे नमुने इथे घेतात आणि ‘महालॅब’मधून तपासून येतात, फुकट. रिपोर्ट मोबाईलवर येतो, म्हणून नंबर सांगताना स्वतः वाचून दाखवा. एक आकडा चुकला की तुमची साखर भलत्याच्याच फोनवर जाते.

१०. खोकला १५ दिवसांवर गेला असेल तर थुंकीची डबी मागा. लाजायचं काही कारण नाही. क्षयाची तपासणी आणि पूर्ण औषध मोफत आहे, शिवाय उपचार चालू असेपर्यंत खाण्यापिण्यासाठी दरमहा १,००० रुपये थेट बँक खात्यात येतात. त्यासाठी आधार खात्याला जोडलेलं लागतं. नमुना सकाळचा, खोल खोकून काढलेला द्या. तोंडातली लाळ दिली तर परत बोलावतील.

११. बीपी-साखरेच्या गोळ्या इथूनच चालू ठेवा. महिन्याच्या गोळ्या एकदम देतात. पाकीट संपल्यावर जाऊ नका, चार-पाच दिवस आधी जा. साखर नॉर्मल आली म्हणून गोळी बंद करू नका. ती गोळीमुळेच नॉर्मल आली आहे.

ग्रामीण रुग्णालयात

१२. सकाळी लवकर निघा. कडेगावात ग्रामीण रुग्णालय आहे, आणि वांगीच्या बाजूच्या गावांना चिंचणीचं ग्रामीण रुग्णालय सोयीचं पडतं. बाह्यरुग्ण विभागाची वेळ साधारण सकाळी साडेआठ ते साडेबारा आणि दुपारी चार ते सहा. शनिवारी दुपारची नसते, रविवारी आणि सुट्टीला फक्त तातडीचे रुग्ण. दारावरच्या पाटीवर एकदा खात्री करा. सव्वाबाराला पोचून ‘डॉक्टर नाहीत’ म्हणण्यात अर्थ नाही.

१३. खिडकीवर केसपेपर काढा. पैसे काढायची गरज नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, उपचार, दाखल होणं, सगळं मोफत आहे. नाव आधारवर आहे तसंच लिहून घ्या. घरात ‘आक्का’, रेशनकार्डावर ‘आक्काताई’ आणि आधारवर ‘अक्काताई’ असेल तर आधारचंच सांगा. आत्ता हे क्षुल्लक वाटेल. पायरी २६ ला आलात की कळेल.

१४. केसपेपर नंबरात ठेवून बसा. रांग आहे, वेळ लागेल. म्हाताऱ्या माणसाला उभं ठेवू नका. बाकावर बसवा आणि तुम्ही रांगेत थांबा.

१५. डॉक्टरसमोर मुख्य तक्रार पहिल्या वाक्यात सांगा. ‘चार दिवसांपासून उजव्या कुशीत दुखतंय, ताप आहे, उलटी दोनदा’ असं. ‘तसं तर गेल्या वर्षापासूनच बरं नव्हतं…’ इथून सुरू केलंत तर तुम्ही मुद्द्यावर यायच्या आत डॉक्टर पुढचा नंबर पुकारतात. चालू गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवा. ‘ती पांढरी, गोल, सकाळची’ यावरून कुठलाही डॉक्टर गोळी ओळखू शकत नाही. दारू, तंबाखू, झाडपाल्याचं औषध चालू असेल तर तेही सांगून टाका. तिथे कुणी रागवत नाही, आणि रागावलं तरी एक मिनिटच.

१६. लिहून दिलेल्या तपासण्या त्याच दिवशी उरका. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी यातलं काय आज होतं आणि काय उद्या, हे प्रयोगशाळेच्या खिडकीवर विचारा. सोनोग्राफीचे डॉक्टर रोज असतीलच असं नाही, वार ठरलेले असू शकतात. वार विचारून घ्या आणि केसपेपरवर लिहून घ्या.

१७. औषधाच्या खिडकीवर प्रत्येक पाकीट हातात घेऊन विचारा. कुठली सकाळी, कुठली रात्री, जेवणाआधी की नंतर. मागे रांग असली तरी विचारा. लिहिलेलं एखादं औषध मिळालं नाही तर गेटबाहेरच्या मेडिकलकडे वळण्याआधी डॉक्टरकडे परत जा आणि ‘याच्याऐवजी आपल्याकडचं दुसरं चालेल का?’ विचारा. बऱ्याचदा चालतं.

१८. दाखल करा म्हणाले तर दाखल करा. ग्रामीण रुग्णालय साधारण ३० खाटांचं असतं. ताप, जुलाब, न्यूमोनिया, साधं बाळंतपण याला पुरेसं आहे. खाजगीच बरं म्हणून सलाईनसाठी कर्ज काढणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं. सलाईन दोन्हीकडे तेच असतं.

१९. इथे होणार नाही म्हणाले तर संदर्भ चिठ्ठी घ्या. या सगळ्या कृतीतला हा सगळ्यात महत्त्वाचा कागद. चिठ्ठीवर चार गोष्टी आहेत का बघा : काय आजार वाटतो, आत्तापर्यंत काय औषध दिलं, कुठे पाठवलं, सही-शिक्का. ‘सांगलीला दाखवा’ असं तोंडी ऐकून निघू नका. चिठ्ठी नसली तर सगळी कथा परत पहिल्यापासून सांगावी लागते, आणि तुम्ही सांगताना निम्मी विसरता.

तातडीचं असेल तर चिठ्ठीबरोबर गाडीही तिथूनच मागा. गरोदर बाई किंवा एक वर्षाच्या आतलं आजारी बाळ असेल तर नेण्या-आणण्याची गाडी मोफत मिळते. त्यासाठी नंबर १०२.

सांगली की मिरज की कराड

२०. चिठ्ठीवरचं गाव मोठ्याने वाचा. सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, आणि मिरजेचं शासकीय रुग्णालय ही दोन्ही मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली. कागद सारखे, डॉक्टर इकडून तिकडे जाणारे, पण इमारती दोन शहरांत. सांगलीला उतरून नंबर लावायचा आणि मग ‘हा विभाग मिरजेला’ ऐकायचं, हा ठरलेला घोटाळा. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरलाच ‘नेमकं कुठलं, आणि कुठल्या वारी?’ विचारा. मोठ्या दवाखान्यात प्रत्येक विभागाचे वार आणि डॉक्टरांचे युनिट ठरलेले असतात.

कराडच्या जवळ राहणाऱ्यांसाठी वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय हा रस्ताही मोकळा आहे. जिल्हा सातारा म्हणून कुणी परत पाठवत नाही, आणि ते सार्वजनिक आरोग्य विभागाचं असल्याने पायरी १३ मधली मोफत सोय तिथेही लागू. सांगली-मिरजेचं तसं नाही. ती वैद्यकीय शिक्षण विभागाची आहेत. केसपेपर आणि काही तपासण्यांना थोडे पैसे पडतात. इथेच ते सुट्टे पैसे कामाला येतात. पिवळं रेशनकार्ड असेल तर पावती फाडण्याआधी दाखवा आणि सवलत विचारा. पावती फाडल्यावर नाही.

२१. पहिली एसटी पकडा. आधारकार्ड हातात ठेवा. बायकांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाला निम्मं, ७५ च्या पुढे फुकट. झेरॉक्स दाखवली तर कंडक्टर मानणार नाही, मूळ कार्ड लागतं. म्हाताऱ्या माणसाला उपाशीपोटी नेऊ नका, फक्त उपाशीपोटी रक्त द्यायचं सांगितलं असेल तरच न्या. तेव्हाही डबा बरोबर घ्या आणि रक्त दिलं की खाऊ घाला. साखरेची गोळी घेऊन उपाशी बसलेलं माणूस रांगेतच चक्कर येऊन पडतं.

२२. खिडकीवर चिठ्ठी आणि आधार एकदम द्या. ‘ग्रामीण रुग्णालयातून रेफर आहे’ हे आधी बोला. केसपेपरवर विभागाचं नाव आणि खोली नंबर लिहून देतात. वाचता आला नाही तर तिथेच विचारा. पुढच्या मजल्यावर जाऊन विचारलंत की परत खाली यावं लागतं.

२३. विभागात जा, आणि मधल्या माणसाचं ऐकू नका. गेटवर, चहाच्या टपरीवर, कधी कधी जिन्यातसुद्धा, ‘इथं नंबर लागायला महिना जाईल, माझ्या ओळखीच्या दवाखान्यात चला’ म्हणणारा कुणीतरी भेटतो. हसून ‘नको’ म्हणा आणि पुढे चला. कागद त्याच्या हातात देऊ नका.

२४. शिकाऊ डॉक्टर आले तर कंटाळू नका. तेच प्रश्न तिघं विचारतील. तिघांना तेच उत्तर द्या. तिसऱ्यांदा सांगताना तुम्हाला एखादी गोष्ट आठवते, आणि नेमकी तीच कामाची निघते. अर्थात, रुग्ण कळवळत असेल तर स्पष्ट सांगा : ‘आधी दुखणं थांबवा, मग विचारा.’

ऑपरेशन किंवा मोठा खर्च निघाला तर

२५. आरोग्यमित्र शोधा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा कक्ष दवाखान्यातच, बहुतेक वेळा प्रवेशद्वाराजवळ असतो. आयुष्मान भारत योजनाही त्याच टेबलावर. राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना, रेशनकार्डाचा रंग न बघता, वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचा ठरावीक आजारांवरचा उपचार यातून होतो. हृदय, किडनी, कॅन्सर, हाडाचं ऑपरेशन, डायलिसिस असं बरंच काही यात आहे. पण सगळे आजार नाहीत, म्हणून ‘आमचं ऑपरेशन यादीत आहे का?’ हा पहिला प्रश्न.

२६. कागद टेबलावर मांडा. रेशनकार्ड, आधार, डॉक्टरांची चिठ्ठी, रिपोर्ट. आता ती ‘आक्काताई–अक्काताई’ आठवली? नाव जुळलं नाही की फाइल अडते. रेशनकार्डाला १२ आकडी ऑनलाइन नंबर आहे का, रुग्णाचं नाव कार्डावर चढलंय का, हेही घरूनच बघून या. लग्न होऊन आलेल्या सुनेचं आणि नव्या बाळाचं नाव चढवायचं हमखास राहून गेलेलं असतं. बाळाचं आधार नसेल तर जन्मदाखला आणि आईवडिलांचं आधार घ्या. तातडीने दाखल केलं असेल तर कागद नंतर आणता येतात, पण आरोग्यमित्राला त्याच दिवशी कळवा.

ऊसतोडीला बीडकडून आलेल्या टोळीतलं कुणी तुमच्या शेतात असेल तर त्यांनाही हे सांगा. योजना राज्यभर आहे, तिकडचं रेशनकार्ड इथे चालतं. त्यांच्या लेकरांना लससुद्धा इथल्या उपकेंद्रात मिळते, फक्त लसीचं कार्ड मागतील.

२७. मंजुरी येईपर्यंत पैसे भरू नका. कागद ऑनलाइन जातात आणि मंजुरी येते. मंजूर झालं की औषध, तपासणी, ऑपरेशन, रुग्णाचं जेवण, डिस्चार्जनंतरच्या काही दिवसांची तपासणी, सगळं योजनेत. एकदा खिशातून भरलेले पैसे परत काढणं भयंकर कटकटीचं. कुणी पैसे मागितले तर पावती मागा, आणि १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर तिथूनच फोन लावा. फोन लावतोय हे दिसलं तरी बऱ्याचदा काम होतं.

२८. वॉर्डातलं सामान आणा. चादर, ताट-वाटी-भांडं, बादली, टॉवेल, चार्जर, नेलकटर, जपमाळ असेल तर जपमाळ. सोबतीला एकच माणूस, आणि बायकांच्या वॉर्डात रात्री बाईच लागते. कोण थांबणार ते घरीच ठरवून या. मौल्यवान काही नको. वॉर्डातल्या मावशींशी आणि मामांशी पहिल्या दिवशीच नीट बोला. बेडपॅन रात्री दोनला डॉक्टर आणून देत नाहीत.

बाळंतपणाचा रस्ता वेगळा

२९. पाळी चुकली की तीन महिन्यांच्या आत नोंद करा. उपकेंद्रात माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. हे कार्ड बाळ मोठं होईपर्यंत जपायचं आहे, तेव्हा पहिल्याच दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपयांची मातृवंदना योजना आहे, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. नोंद उशिरा केलीत तर अर्ज रेंगाळतो.

३०. महिन्याच्या ९ तारखेला तपासणीला जा. त्या दिवशी सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तज्ज्ञ डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. रक्त कमी, बीपी जास्त, पायांवर सूज, आधीचं सिझेरियन, जुळं असं काही असेल तर कार्डावर तशी खूण करून घ्या आणि बाळंतपण कुठे करायचं ते सातव्या महिन्यातच विचारा. नवव्यात विचारलंत तर धावपळ होते.

३१. कळा सुरू झाल्या की १०२ लावा. बाळंतपण, सिझेरियन, औषध, लागलं तर रक्त, दवाखान्यातलं जेवण, नेणं आणि घरी सोडणं, सगळं मोफत. ‘गाडी घरी सोडायलाही येते’ हे लोक विसरतात आणि तीन दिवसांच्या बाळाला टमटममध्ये घालून आणतात. डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच सिस्टरना सांगून ठेवा.

३२. जन्मनोंद दवाखान्यातून निघण्याआधी तपासा. आईचं नाव, बापाचं नाव, तारीख. चूक तिथेच दुरुस्त होते. नंतर तीच चूक शाळेच्या दाखल्यापर्यंत जाते.

घरी आल्यावर

३३. डिस्चार्ज कार्ड वाचून घ्या, निघण्याआधी. पुढची तारीख, टाके कधी काढायचे, कुठली गोळी किती दिवस, आणि कुठलं लक्षण दिसलं तर लगेच परत यायचं. हे शेवटचं कार्डावर लिहिलेलं नसतं, म्हणून तोंडी विचारा आणि स्वतः लिहून घ्या.

३४. कार्डाचा मोबाईलवर फोटो काढा. दोन्ही बाजूंचा. मूळ कार्ड फाइलमध्ये, फोटो घरातल्या दोघांकडे.

३५. कार्ड घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात या. टाके काढायला, ड्रेसिंग बदलायला, महिन्याच्या गोळ्या घ्यायला दर वेळी मिरजेला जायचं कारण नाही. ‘हे आपल्याकडे होईल का?’ एवढंच विचारा. एसटीच्या एका खेपेत अख्खा दिवस जातो, आणि आजारी माणसाला तर दोन.

३६. मनावर ताण आला असेल तर तोही दाखवा. लांबलेल्या आजारात झोप उडालेली, चिडचिड, जीव नकोसा वाटणं हे रुग्णालाही होतं आणि सांभाळणाऱ्यालाही. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर, मोफत, कुठल्याही वेळी, मराठीतून. ‘मला काय वेड लागलंय का?’ म्हणून थांबू नका. शेवटी रुग्णाची उठबस सांभाळणाऱ्यालाच करावी लागते.

३७. काही बिनसलं तर तक्रार तिथेच करा. आधी ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक किंवा मोठ्या दवाखान्याचं अधिष्ठाता कार्यालय, लेखी, तारखेसह, आणि पोच घ्या. नाहीच झालं तर १०४ वर फोन. वॉर्डात उभ्या असलेल्या सिस्टरवर ओरडून औषध येत नाही. लेखी अर्जाने मात्र पुढच्या माणसासाठीसुद्धा येतं.

फाइल भरली असेल आता. ती कपाटात नको, दाराजवळच्या खुंटीला अडकवा, आणि घरात कोण कोण आहे त्या प्रत्येकाला जागा दाखवून ठेवा.